कुरवाळणे, गोंजारणे, थोपटणे: शब्द निवडण्याआधी हाताकडे पाहा

तुमचा प्रश्न असा आहे. एका कथेचा मराठी अनुवाद करताना तुम्ही 'मुलाने म्हाताऱ्या वडिलांना प्रेमाने हळुवारपणे कुरवाळले' असे वाक्य लिहिले. ते कानाला खटकले, पण का खटकते ते सापडेना. कोश उघडला तर कुरवाळण्याच्या अर्थात गोंजारणे, गोंजारण्याच्या अर्थात थोपटणे, असे फिरून पुन्हा त्याच जागी आलात. मग आणखी दोन शंका आल्या. बाळाला कुरवाळणाऱ्या आईबद्दल आपण मायेने बोलतो, मग दुःख कुरवाळणाऱ्या माणसाला नावे का ठेवतो? आणि या क्रियेला मराठीत साधे, रोजच्या वापरातले नाम आहे का?

मी बरीच वर्षे कथा-कादंबऱ्यांची आणि मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखिते तपासत आलो आहे, आणि स्पर्शाची ही क्रियापदे जितकी गफलतीने वापरली जातात तितकी क्वचितच दुसरी कुठली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोशाकडून फार अपेक्षा ठेवू नका. मोल्सवर्थांचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. दोन्ही माझ्या हाताशी असतात आणि दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कोशाला जागा थोडी असते, म्हणून तो जवळचा शब्द देऊन मोकळा होतो. क्रियापदाच्या आत जी हालचाल असते ती तिथे दिसत नाही. स्पर्शाच्या शब्दांत तर हालचाल हाच निम्मा अर्थ आहे. म्हणून मी लेखकांना सांगतो: भावना कोणती आहे हे विचारू नका, ती सगळीकडे माया हीच निघेल. हात नेमका काय करतो आहे आणि त्याला काय साधायचे आहे, हे विचारा.

थोपटण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे हात सगळ्यांत स्पष्ट दिसतो. थोपटताना तळवा टेकतो, उचलला जातो, पुन्हा टेकतो. स्पर्श तुटत राहतो आणि त्या तुटण्यालाच लय असते. बाळाला झोपवणाऱ्या आईचा हात नीट पाहा. बाळ किरकिरत असते तेव्हा थापा भराभर पडतात, जराशा जोरातही. रडणे हुंदक्यांवर आले की दोन थापांमधले अंतर वाढते. डोळे मिटायला लागले की पंजा पुरता उचललाच जात नाही, जागच्या जागी हलका दाब येतो आणि जातो. शेवटी हात तसाच अंगावर राहतो, कारण एकदम काढला तर बाळ दचकते. हे सगळे मिळून थोपटणे. त्याला एक ठरलेले काम आहे: झोप आणायची, हुंदका शांत करायचा. बाळ झोपले की थोपटणे संपते. त्यानंतरही आई तिथेच बसून त्याच्या कपाळावरचे जावळ बोटांनी मागे सारत राहिली, तर त्या क्षणापासून ती थोपटत नाही, ती कुरवाळते आहे.

आता हे पाहा की थोपटण्याच्या अंगात माया मुळातून नाही. ती जागेमुळे येते. तेच क्रियापद दंडाला लावले की आव्हान होते: 'निवडणुकीसाठी त्यांनी दंड थोपटले.' पैलवान कुस्तीआधी स्वतःच्या दंडावर थाप मारतो, त्यावरून ते आले. पाठीला लावले की कौतुक होते, आणि 'स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेणे' ही तर टीका. यात लेखकांसाठी एक सापळा आहे. 'रडणाऱ्या मुलाची तिने पाठ थोपटली' असे वाक्य मी अनेक हस्तलिखितांत पाहिले आहे. लेखकाला सांत्वन म्हणायचे असते, वाचकाला वाटते की रडल्याबद्दल शाबासकी दिली. 'पाठ थोपटणे' हा वाक्प्रचार इतका रुळला आहे की त्यातली खरीखुरी पाठ आता कुणाला दिसतच नाही. सांत्वन हवे असेल तर विभक्ती बदला: 'ती त्याच्या पाठीवर हलके थोपटत राहिली.' कर्म काढून जागा दिली की हात पुन्हा दिसू लागतो.

गोंजारण्यात हात अंगावरून फिरतो, पण एकटा हात पुरत नाही. गोंजारायला समोर कुणीतरी लागते आणि ते कुणीतरी कुठल्यातरी मनःस्थितीत असावे लागते: रुसलेले पोर, बुजलेला घोडा, बिथरलेला बैल, हट्टाला पेटलेला नातू. त्याला वळवायचे असते, म्हणून हाताबरोबर तोंडही चालू असते. 'आंजारून-गोंजारून' ही जोडी कुठे कुठे येते ते आठवा. आंजारून-गोंजारून जेवायला घातले, औषध पाजले, शाळेत पाठवले. वाक्य पुढे गेलेच पाहिजे, कारण गोंजारणे हे नेहमी कशासाठी तरी असते. 'तिने त्याला आंजारले-गोंजारले' एवढेच लिहून थांबलात तर वाचक विचारतो, मग? ऐकले का त्याने?

चुचकारणे याच घराण्यातले, पण तिथे हात असलाच पाहिजे असे नाही. जीभ टाळूला लावून काढलेला च् च् असा आवाज हे त्याचे मूळ, आणि जनावरासाठी ते नेमके बसते. माणसासाठी वापरले की समोरचा थोडा लहान, थोडा अजाण ठरतो, हे लक्षात असू द्या.

आता कुरवाळणे. यात तळवा किंवा बोटे अंगावर टेकतात आणि न उचलता हळूहळू सरकत राहतात, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने. केसांतून, गालावरून, पाठीवरून, मांजराच्या कानामागून. थोपटण्यातली थाप नाही, गोंजारण्यातली मनधरणी नाही. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे, कुरवाळण्याला काहीही साधायचे नसते. झोपवायचे नसते, समजूत काढायची नसते, काही करून घ्यायचे नसते. आपल्याला जे प्रिय आहे ते हाताखाली आहे, एवढ्याच सुखाने हात फिरत राहतो. या शब्दाचे बाकीचे सगळे वागणे मला या एका गोष्टीतून समजते.

उदाहरणार्थ, कुरवाळण्यात तपासणी चालत नाही. 'तिने साडीवरून हात फिरवला' या वाक्यात ती पोत पाहत असेल, विकत घ्यावी की नाही ते ठरवत असेल. 'तिने आईची साडी कुरवाळली' म्हटले की पाहण्या-ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही, साडीशी तिचे नाते आहे. चाचपणे याच्या अगदी उलट. तिथे हात माहिती शोधतो, म्हणून खिसा चाचपतात, अंधारात किल्ली चाचपतात, आणि समोरच्याचे मतही चाचपून पाहतात.

कुरवाळण्यात घाईही चालत नाही. 'तिने घाईघाईने बाळाला कुरवाळले आणि ती बस पकडायला धावली' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि तरीही चुकीचे आहे. घाईत पापा घेता येतो, गालगुच्चा घेता येतो, डोक्यावरून हात फिरवता येतो. कुरवाळायला थांबावे लागते. याला शरीराचाही दुजोरा आहे. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे तळहात-तळपाय सोडून जवळपास सगळीकडे, मज्जातंतूंचा एक वेगळा प्रकार असतो. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. ते हलक्या, सरकत्या स्पर्शाला प्रतिसाद देतात, आणि तो स्पर्श सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाने सरकत असेल तेव्हा सर्वांत जास्त. त्याहून जलद किंवा त्याहून रेंगाळता असेल तर प्रतिसाद कमी होतो. हात त्वचेइतका उबदार असला तर हे तंतू अधिक चांगले जागे होतात. कुठे आणि काय टेकले हे सांगणाऱ्या तंतूंतून संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर या वेगाने जातो, या तंतूंतून तो सेकंदाला मीटरभराच्या आसपासच सरकतो. म्हणजे स्पर्श कुठे झाला हे आधी कळते आणि तो सुखाचा होता हे थोडे मागून येते. मराठी बोलणाऱ्यांनी हे मोजले नव्हते, पण क्रियापद नेमके त्या संथ गतीचे आहे. अनुवाद करताना मूळ प्रसंगाचा वेग जरूर पाहा. पात्र निघण्याच्या घाईत असेल तर हा शब्द तिथे बसणार नाही.

तुमच्या वाक्याकडे वळू. त्यात दोन अडचणी आहेत. छोटी आधी सांगतो. 'प्रेमाने' आणि 'हळुवारपणे' हे दोन्ही शब्द कुरवाळण्याच्या पोटातच आहेत. रागाने कुरवाळता येत नाही, जोराने कुरवाळता येत नाही. दोन्ही काढा, वाक्य लगेच श्वास घेईल. थोपटण्याला मात्र विशेषण-क्रियाविशेषण लागू शकते, कारण ते हलकेही असते आणि दणदणीतही.

मोठी अडचण कर्माची आहे. कुरवाळण्याला अख्खा माणूस कर्म म्हणून घेतला, 'अमक्याला कुरवाळले' असे म्हटले, की आपसूक एक उतार तयार होतो. कुरवाळणारा मोठा, कुरवाळला जाणारा लहान किंवा हाताखाली विसावलेला. आई बाळाला, आजी नातीला, मालक कुत्र्याला. प्रेमिकांमध्ये हा उतार दोन्हीकडे वळू शकतो, म्हणून तिथे खटकत नाही. पण मुलगा आणि वडील यांच्यात तो उलटा पडतो. 'मुलाने वडिलांना कुरवाळले' हे ऐकताच वडील लहान होतात. तुमच्या कानाने तेच टिपले.

यावर उपाय वाक्यातच आहे. माणसाऐवजी अवयव कर्म करा. 'त्याने वडिलांचा सुरकुतलेला हात कुरवाळला.' इथे काहीही खटकत नाही, कारण लहान-मोठेपणाचा प्रश्न माणसापुरता होता, हाताच्या पंजाला तो लागत नाही. 'आजीचे पांढरे केस कुरवाळत ती बसून राहिली' हेही सुरेख चालते. याच कारणाने स्वतःलाही 'स्वतःला कुरवाळले' असे आपण म्हणत नाही, पण दाढी कुरवाळत विचार करतो, मिशा कुरवाळत बसतो. क्रियापदाचे रूपही त्या अवयवाप्रमाणे फिरते: हात कुरवाळला, पाठ कुरवाळली, केस कुरवाळले. अख्ख्या माणसाला 'ला' लावले की मात्र रूप 'कुरवाळले' असेच राहते. मांजरापाशी दोन्ही वाटा खुल्या आहेत. 'ती मांजर कुरवाळत बसली होती' यात मांजर कुठलेही असेल. 'तिने मांजराला कुरवाळले' यात ते ओळखीचे, घरचे, बहुधा नाव असलेले मांजर आहे. कथेत हा फरक फार कामी येतो.

दुसरा उपाय म्हणजे हात फिरवणे. मराठीत मोठ्यांना आणि बरोबरीच्यांना द्यायच्या स्पर्शासाठी ही सर्वांत मोकळी रचना आहे. 'त्याने वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला.' यात सांत्वन आहे, काळजी आहे, आदरही शाबूत आहे. फक्त शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष द्या. पाठीवर हात ठेवला म्हणजे आधार दिला, हात तिथे थांबला. पाठीवरून हात फिरवला म्हणजे हात चालता राहिला. एका 'ऊन'ने दृश्य बदलते. आणि मोठ्यांना आपण दुसऱ्याही कितीतरी तऱ्हांनी स्पर्श करतो: पाय चेपतो, तळव्यांना तेल चोळतो, हात हातात घेतो, खांद्याला धरून उठवतो. या प्रत्येक क्रियेला काही काम आहे आणि बहुतेक मराठी घरांत मुले आईवडिलांवरचे प्रेम कामातून दाखवतात. मूळ कथेत मुलगा नुसता स्पर्श करत असला, तरी मराठी वाचकाला पाय चेपणारा मुलगा अधिक ओळखीचा वाटेल. अर्थात तुम्ही अनुवाद करता आहात, मूळातली कृती बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. हात कुरवाळू द्या.

एक अपवाद मात्र मी राखून ठेवीन. वडील फार थकले आहेत, विस्मृतीच्या आजारात मुलाला ओळखत नाहीत, त्यांना भरवावे लागते, झोपवावे लागते, अशी कथा असेल आणि लेखकाला ती उलटलेली नातीच दाखवायची असतील, तर 'त्याने वडिलांना कुरवाळले' हे वाक्य हेतुपूर्वक लिहा. तिथे ते खटकलेच पाहिजे. पण मग ते एकदाच यावे आणि प्रसंगाच्या ऐन जागी यावे. आधी दहा वेळा येऊन गेलेले असेल तर त्याची धार गेलेली असते.

आता दुःख कुरवाळण्याबद्दल. लाक्षणिक अर्थ आकाशातून पडत नाहीत. हाताची जी हालचाल, तीच मनाला लावलेली असते. थोपटण्यात थाप आहे, म्हणून त्याचे कौतुक आणि आव्हान होते. गोंजारण्यात मनधरणी आहे, म्हणून पुढारी मतदारांना गोंजारतात. कवटाळण्यात दोन्ही हातांनी घट्ट धरून न सोडणे आहे, म्हणून लोक जुन्या समजुती कवटाळतात, मृत्यूलाही कवटाळतात. आणि कुरवाळण्यात हेतूशिवाय पुन्हा पुन्हा त्याच जागी हात फिरवणे आहे. बाळाच्या केसांत तो फिरला तर सुंदर. जखमेवर फिरला तर तीच कृती जखम भरू देत नाही. क्रिया बदललेली नाही, हाताखालची वस्तू बदलली. प्रिय वस्तूला जे करायचे ते आपण नकोशा वस्तूला करतो आहोत, हा त्या वाक्प्रचारातला ठपका आहे.

ठपक्याचा अर्धा भार मात्र सहायक क्रियापद उचलते. 'दुःख कुरवाळत बसणे' यातले 'बसणे' पाहा. रडत बसणे, बोलत बसणे, वाट बघत बसणे, सगळीकडे ते 'वेळ घालवला, उठायला हवे होते' असा सूर आणते. 'त्या आठवणी ती मनाशी कुरवाळत राहिली' म्हटले की सूर लगेच मऊ होतो, क्वचित हेवा वाटावा इतका. म्हणजे तुम्हाला ठपका हवा की सहानुभूती, हे बसणे आणि राहणे यांतून ठरते. निवड कुरवाळण्यापाशी होतच नाही. अनुवादात ही छटा हमखास हुकते, म्हणून तिथे दोनदा वाचा.

अहंकाराच्या बाबतीत एक बारीक फरक सांगतो, कारण वर्तमानपत्री मराठीत तो पुसट होत चालला आहे. अहंकार कुरवाळतो तो आपला स्वतःचा. दुसऱ्याचा अहंकार आपण गोंजारतो, त्याच्याकडून काहीतरी हवे असते म्हणून. अस्मितेचेही तसेच. समाज आपली अस्मिता कुरवाळतो, नेता समाजाची अस्मिता गोंजारतो. 'नेत्याने समाजाची अस्मिता कुरवाळली' असे छापून येते तेव्हा नेत्याचा हिशेब वाक्यातून गळून जातो आणि तो उगाच भाबडा दिसतो.

एका बाबतीत मी कुणाचेच ऐकत नाही. नकोशा, लैंगिक स्पर्शाच्या बातमीत किंवा कथेतल्या अत्याचाराच्या प्रसंगात 'कुरवाळले' हा शब्द येता कामा नये. इंग्रजीत लाडाच्या आणि गैर स्पर्शाच्या दोन्ही अर्थांनी चालणारी काही क्रियापदे आहेत. त्यांचे घाईत भाषांतर करताना 'आरोपीने मुलीला कुरवाळले' असे वाक्य तयार होते. मराठी वाचकाच्या मनात या क्रियापदाला चिकटून आई आणि बाळ येतात. गुन्ह्याच्या वर्णनात ते आले की गुन्ह्यावर मायेचा लेप बसतो आणि जिच्यावर प्रसंग आला तिच्यावर भाषेतून आणखी एक अन्याय होतो. शिवाय वर म्हटले तसे कुरवाळण्याला काही साधायचे नसते, इथे तर हेतू हाच गुन्ह्याचा गाभा आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम ७ लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाबद्दल बोलते. त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून हे कलम लागत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ मधला निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेचा थेट संपर्क नव्हे, हे स्पष्ट केले. भाषेनेही तोच विवेक पाळावा. 'नको तिथे हात लावला', 'अंगचटीला गेला', 'लैंगिक हेतूने स्पर्श केला' असे सरळ लिहा. 'अंगाशी लगट केली' हेही चालते, पण लहान मुलाच्या बाबतीत तेसुद्धा मला सौम्य वाटते. लहान मुलांना चांगला-वाईट स्पर्श समजावणारी पुस्तके तपासताना मी हे फार काटेकोरपणे पाहतो. ज्या शब्दाने मूल आजीचा हात ओळखते, तोच शब्द त्या पुस्तकात धोक्याच्या हाताला दिला, तर त्याने ओळखायचे कसे?

शुद्धलेखन पटकन सांगून टाकतो. 'कुरवाळणे' यात कु ऱ्हस्व, व ला काना आणि त्यानंतर ळ. 'कुरवळणे' हे चूक. 'गोंजारणे' वर अनुस्वार हवा. तो गाळला की शब्द 'गोजिरे'च्या जवळचा दिसू लागतो आणि नवे वाचक गोंधळतात. 'थोपटणे' आणि 'थोपवणे' यांचा संबंध जोडू नका, दुसऱ्याचा अर्थ अडवणे असा आहे. आणि 'कुरवंडी' म्हणजे ओवाळून टाकणे, जीव ओवाळून टाकणे. उच्चार जवळचा असला तरी 'जिवाची कुरवंडी केली' या जागी कुरवाळणे बसवता येणार नाही.

निर्जीव कर्त्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण अनुवादात ते येणारच. वाऱ्याची झुळूक गाल कुरवाळते, चांदणे झाडांना कुरवाळते, अशी वाक्ये लिहायचा मोह होतो. ती चूक नाहीत, पण इतकी वापरून गुळगुळीत झाली आहेत की वाचकाला आता त्यात हात दिसत नाही. कथेत खऱ्या माणसाने खऱ्या माणसाला कुरवाळायचे असेल, तर त्याआधीच्या दहा पानांत वाऱ्याला ते काम देऊ नका.

राहिला नामाचा प्रश्न. इंग्रजीत या स्पर्शाला सुटे नाम आहे, ते कर्ता होते, कर्म होते, त्याचे अनेकवचन होते. मराठीत रोजच्या बोलण्यात तसे नाम नाही. 'कुरवाळणी' कुणी लिहिले तर अर्थ कळतो, पण ते बोलीत ऐकू येत नाही, बनवल्यासारखे दिसते. 'प्रेमळ स्पर्श' हे तर डॉक्टरांच्या पत्रकातले वाटते. 'कुरवाळणे' हेच नाम म्हणून वापरता येते, 'तिचे ते कुरवाळणे त्याला आठवले' असे, आणि 'ते' घातल्याने त्याला वजनही येते. पण बहुतेक वेळा नामाचा हट्ट सोडून वाक्य क्रियेवर आणणे हाच मराठीचा मार्ग आहे. समजा मूळात 'तिच्या स्पर्शाच्या मायेची त्याला भूक होती' अशा अर्थाचे वाक्य आहे. ते शब्दशः ठेवले तर कागदी होते. 'तिने एकदा केसांतून हात फिरवावा, एवढेच त्याला हवे होते' असे लिहा. 'तिच्या अनेक कुरवाळण्या' असे अनेकवचन लिहायची वेळ आली तर 'ती येता-जाता त्याला कुरवाळायची' असे करा, 'येता-जाता' मध्ये सगळे अनेकवचन मावते. आणि मांजराबद्दल लिहिताना 'घेणे' विसरू नका: मांजर कुणाच्या स्पर्शाची वाट पाहत नाही, ते पायाशी येऊन अंग घासते आणि हवे तेवढे कुरवाळून घेते.